पवित्र हृदयाचा महिना आणि आपल्या दिव्यांग बांधवांचे हृदय



जून महिना हा येशूच्या पवित्र हृदयाचा महिना. सतराव्या शतकात फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथे संत मार्गारेट मेरी यांना झालेल्या दर्शनांतून ही भक्ती पसरली. १८५६ साली पोप नववे पायस यांनी पवित्र हृदयाचा सण साऱ्या ख्रिस्तसभेला दिला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर विश्वपत्र लिहिले. पहिल्या शुक्रवारची आपली प्रथाही याच भक्तीतून आली. त्या दिवशी आम्ही आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या भाविकांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जातो. या लेखाची सुरुवात अशाच एका घरापासून करावी लागत आहे.

त्या घरातील काकांना लहानपणी पोलिओ झाला होता. दोन्ही पाय अधू. पूर्वी ते एसटीडी बूथ चालवत. मोबाईल आले, बूथ बंद झाला, तेव्हा ते घरीच शिलाईकाम करू लागले. सकाळी मशीनसमोर बसले की रात्रीच उठायचे. एका पहिल्या शुक्रवारी ते म्हणाले, "फादर, हल्ली नुसतं बसल्या जागी दम लागतो. रात्री सपाट झोपवत नाही." आम्ही म्हणालो, "काका, वय झालं आता. शिवाय तुमची तब्येत पहिल्यापासूनच अशी." त्यांनी मान हलवली. आम्ही आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो. दोन महिन्यांनी त्यांचा अंत्यविधी आम्हीच केला. हृदय निकामी होत चालले होते, हे शेवटच्या दोन दिवसांत रुग्णालयात कळले.

आम्ही डॉक्टर नाही. परंतु "तुमची तब्येत पहिल्यापासूनच अशी" हे वाक्य आमच्या तोंडून गेले, आणि ते चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे समजून घेण्यासाठी हा अभ्यासलेख आहे.

१. अधू पाय आणि दुखणारे हृदय

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक भेद आम्हाला शिकवला गेला. एखाद्या वस्तूचे सार वेगळे, आणि तिला बाहेरून येऊन चिकटलेला आगंतुक गुण वेगळा. भिंत पांढरी असते, पण पांढरेपणा म्हणजे भिंत नव्हे. रंग बदलला तरी भिंत भिंतच राहते.

हाच भेद इथे लावून पाहावा. काकांचे पाय अधू होते, ते पोलिओच्या विषाणूमुळे. त्यांचे हृदय मात्र जन्मतः कोणाही इतकेच धडधाकट होते. मग ते का थकले? वर्षानुवर्षे एकाच जागी बसणे, वाढलेले वजन, कधीच न मोजलेला रक्तदाब, दिवसातून चार वेळा गायछाप, आणि वेळेवर न झालेली तपासणी. यातले काहीही पोलिओ नव्हते. या सगळ्या आगंतुक गोष्टी होत्या. आणि जे आगंतुक असते ते टाळता येते, निदान कमी तरी करता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांगांच्या आरोग्यावर एक अहवाल काढला. जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा जणांत एक, लक्षणीय अपंगत्वासह जगत आहेत. त्यांच्यातील काहींचे आयुष्य इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत कमी भरते. मधुमेह, पक्षाघात, लठ्ठपणा यांचा धोका त्यांना सुमारे दुप्पट आहे. या तिन्ही गोष्टी हृदयविकाराच्या सख्ख्या नात्यातल्या. यातील बराचसा फरक अन्याय्य आणि टाळता येण्याजोगा आहे, असे हा अहवाल सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली होती. त्यांतले काही आपल्या सातारा-सांगलीच्या गल्ल्यांत आणि वाड्यावस्त्यांवर आहेत, काही आपल्याच बाकांवर बसतात, आणि काही बाकापर्यंत पोहोचतच नाहीत.

२. धोका तीन वाटांनी येतो

समजायला सोपे जावे म्हणून आम्ही त्याच्या तीन वाटा करतो.

पहिली वाट जन्माची. काही वेळा अपंगत्व आणि हृदयाचा दोष ही एकाच कारणाची दोन फळे असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयात दोष असतो, बहुधा हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र. या अवस्थेचे मूळ एका जादा गुणसूत्रात आहे, हे १९५९ साली पॅरिसमध्ये डॉ. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. डॉ. लेज्यून श्रद्धावान कॅथलिक होते आणि अशा मुलांच्या जगण्याच्या हक्कासाठी आयुष्यभर बोलत राहिले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना वंदनीय घोषित केले. दुसरे उदाहरण रुबेला या तापाचे. गरोदर मातेला पहिल्या महिन्यांत हा ताप आला तर बाळ बहिरे, मोतीबिंदू असलेले आणि हृदयात दोष असलेले जन्मू शकते. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली प्रथम हा संबंध ओळखला. आपल्या राज्यात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली, तेव्हा काही पालकांनी अफवांमुळे मुलांना शाळेत पाठवले नव्हते. ती लस म्हणजे ताप टाळण्याबरोबरच पुढच्या पिढीचे कान, डोळे आणि हृदय राखण्याचा उपाय आहे. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या ड्युशेन या आजारातही हातापायांबरोबर हृदयाचा स्नायू दुबळा होतो. म्हणून अशा मुलांच्या हृदयाची तपासणी, काही त्रास दिसत नसला तरी, डॉक्टर सांगतील त्या अंतराने करत राहावी लागते.

दुसरी वाट देहाच्या बंद पडलेल्या हालचालीची. आपण चालतो तेव्हा पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. ते स्नायू वाळले की साखर रक्तातच रेंगाळते, चरबी पोटावर साठते, चांगले कोलेस्टेरॉल घटते. मणक्याला इजा झालेल्यांमध्ये हे अधिक लवकर घडते. भूक मात्र पहिल्यासारखीच राहते. त्यात आजारी माणसाला प्रेमाने खाऊ घालण्याची आपली पद्धत. भेटायला जाताना साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचे, नाहीतर भडंगाचा पुडा. ते प्रेमच असते, पण त्या साखरेचा आणि मिठाचा हिशोब हृदयाला चुकवावा लागतो.

याच वाटेवर एक फसवी जागा आहे. धडधाकट माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की त्याला जिना चढताना छातीत दुखते. ते दुखणे म्हणजे धोक्याची घंटा. पण जो जिना चढतच नाही त्याची घंटा वाजणार कधी? व्हीलचेअरवरील माणसाचे हृदय दिवसभर कमी श्रमात राहते, म्हणून आजार शांतपणे वाढतो आणि एकदम समोर उभा राहतो. मणक्याला वरच्या भागात इजा झाली असेल, तर छातीतली कळ मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, असेही घडू शकते. ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याची समज कमी आहे, त्याला कळ जाणवते पण सांगता येत नाही. तो चिडतो, जेवण टाकतो, रात्री बसून राहतो, आणि घरचे म्हणतात, "आज याचा हट्टच फार."

तिसरी वाट आम्ही सर्वांनी मिळून बांधलेली आहे. तिचे नाव पायऱ्या. गेल्या खेपेस आपल्या धर्मग्रामात रक्तदाब आणि साखरेची मोफत तपासणी झाली. सभागृह वरच्या मजल्यावर आहे. दोन पंखे, चहा-बिस्किटे, स्वयंसेवक, सगळे होते. ज्यांना जिना चढता येत होता ते सारे तपासून आले. वर उल्लेख केलेल्या काकांचे घर चर्चच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर होते. त्यांना वर आणावे, हे कोणालाच सुचले नाही, आणि पहिला दोष आमचा.

३. मिरज जवळ आहे, तरी लांब

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी रुग्णालय उभारले आणि हे गाव पुढे वैद्यकनगरी म्हणून नावारूपाला आले. कर्नाटकातूनही रुग्ण इथे येत राहिले. साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालये आहेत. एवढे असूनही अंथरुणावरच्या माणसासाठी रुग्णालय लांबच राहते. रिक्षात उचलून कोण ठेवणार? रोजंदारी बुडवून सोबत कोण जाणार? वजनकाट्यावर उभे राहता येत नाही, म्हणून वजन होत नाही. पट्ट्यावर चालण्याची चाचणी जमत नाही, म्हणून चाचणीच राहून जाते. खरे तर हृदयाच्या ताणाची तपासणी औषध देऊन किंवा हाताने फिरवायच्या यंत्रावरही होऊ शकते. पण ते विचारणारा कोणी सोबत हवा.

देशातील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. नव्या कायद्यात दिव्यांगांना रुग्णालयात अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी-उपचारात प्राधान्य यांची तरतूद आहे. म्हणजे रांगेत पुढे नेण्याची विनंती ही मेहेरबानीची मागणी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त घोषित झाला. ही आनंदाची वार्ता आहे. पण ज्यांना आधी पोलिओ झाला ती मुले आज चाळिशी, पन्नाशी, साठीत आहेत. म्हणजे नेमकी हृदयविकाराच्या वयात. पोलिओ गेला, म्हणून पोलिओ झालेली माणसे आपल्या नजरेतून जाऊ नयेत.

४. बसलेल्या माणसालाही व्यायाम आहे

"याला कसला व्यायाम करता येणार?" हा प्रश्न आपण सहज विचारतो. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. श्री. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कंबरेखालचे शरीर लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या श्री. सचिन खिलारी यांचा एक हात लहानपणीच्या अपघातात अधू झाला, आणि २०२४ साली पॅरिस येथे त्यांनी गोळाफेकीत रौप्यपदक जिंकले.

सर्वांनी पदके जिंकावीत असा याचा अर्थ नाही. तशी अपेक्षा करणे हाही दिव्यांगांवर एक बोजाच ठरतो. अर्थ इतकाच की अधू अवयवाच्या पलीकडे संपूर्ण देह शिल्लक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढ दिव्यांगांनाही, शक्य असेल तर, आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे, आणि थोडा व्यायाम हा अजिबात न करण्यापेक्षा बरा, असेही म्हटले आहे. खुर्चीत बसून हात वर-खाली करणे, पाण्याच्या भरलेल्या दोन छोट्या बाटल्या उचलणे, तीनचाकी सायकल हाताने चालवणे, हे सारे हृदयासाठी आहे. सुरुवात डॉक्टरांना विचारून, हळूहळू करावी.

संत थॉमस यांनी देह आणि आत्मा यांना एकच मनुष्य मानले. देह म्हणजे आत्मा ठेवण्याची पिशवी नव्हे. म्हणूनच देहाची काळजी ही श्रद्धेच्या बाहेरची गोष्ट होत नाही. पोप फ्रान्सिस यांचेच पाहा. २०२२ पासून ते गुडघ्याच्या दुखण्यामुळे व्हीलचेअर वापरत. २१ एप्रिल २०२५ रोजी पक्षाघात आणि त्यानंतर हृदय बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांना उच्च रक्तदाब आणि मधुमेह होता, हे व्हॅटिकनच्या डॉक्टरांनी प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिले. ख्रिस्तसभेने ते लपवले नाही. आपल्या घरातही हे आजार लपवण्याचे कारण नाही.

५. घरी काय करावे

(अ) रक्तदाब वर्षातून किमान दोनदा मोजून घ्यावा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला तर पुन्हा मोजून डॉक्टरांकडे जावे. एक हात लुळा असेल तर दुसऱ्या हातावर मोजावा.

(आ) वजन करता येत नसेल तर शिंप्याची टेप घ्यावी. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा. झोपूनही हे माप अंदाजे घेता येते, दर वेळी मात्र एकाच पद्धतीने घ्यावे.

(इ) साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी डॉक्टर सांगतील तशी करावी. मानसिक आजाराच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. ती औषधे स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे.

(ई) दिवसभराचे मीठ एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. लोणचे, पापड, खर्डा, फरसाण यांतले मीठ यातच धरावे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांना पर्याय शोधण्याची गरज नाही.

(उ) तंबाखू, मशेरी, विडी बंद. "बिचाऱ्याला तेवढाच विरंगुळा" असे म्हणून आपणच पुडी आणून देतो. विरंगुळा म्हणून त्याच्याशेजारी अर्धा तास बसावे.

(ऊ) नवीन दम लागणे, घाम फुटणे, जबडा किंवा हात दुखणे, पाय सुजणे, सपाट झोपता न येणे, अचानक गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याचे कारण अपंगत्व आहे असे गृहीत धरू नये. अचानक त्रास झाला तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा. हृदयाच्या झटक्यात पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात.

(ए) लहान मुलांसाठी अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. हृदयदोषाची शंका असेल तर तेथूनच पुढची वाट मिळते. मोठ्यांच्या अनेक हृदयशस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. यूडीआयडी कार्ड आणि शिधापत्रिका तयार ठेवावी. कागदपत्रांसाठी अडचण असेल तर चर्चच्या कार्यालयात यावे.

६. छप्पर उघडणारे चौघे

संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आपण सर्वांनी ऐकला आहे. कफर्णहूममधील त्या घरात इतकी गर्दी होती की पक्षाघाती माणसाला आत नेता येईना. तेव्हा चौघांनी छप्पर उघडले आणि त्याला बाजेसकट येशूसमोर खाली सोडले. शुभवर्तमान सांगते की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे ज्यांच्या खांद्यावर बाज होती त्यांचाही. आणि त्या गर्दीचाही विचार करा. ती वाईट माणसांची गर्दी नव्हती. येशूचा शब्द ऐकायला आलेले ते भाविकच होते. पण दार त्यांनीच अडवले होते.

संत योहान पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठच्या माणसाविषयी सांगतो. अडतीस वर्षे तो पडून होता, आणि त्याची तक्रार एकच: पाण्यात उतरवायला आपल्याला माणूस नाही. आमच्या काकांनी अशी तक्रारसुद्धा केली नाही. त्यांनी फक्त दम लागतो एवढेच सांगितले होते.

म्हणून या महिन्यात आपण तीन गोष्टी करणार आहोत. तपासणी शिबिर यापुढे फाटकाजवळच्या मांडवात, जमिनीवर होईल. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी, पहिल्या शुक्रवारी पवित्र कम्युनियनसोबत, आपल्या धर्मग्रामातील एखादी परिचारिका भगिनी रक्तदाबाचे यंत्र घेऊन येईल. आणि प्रत्येक विभागाने आपल्या भागातील प्रत्येक दिव्यांग व्यक्तीसाठी चार नावे द्यावीत. एकाने रिक्षा पाहायची, एकाने रुग्णालयात सोबत जायचे, एकाने कागदपत्रे सांभाळायची, एकाने आठवड्यातून एकदा जाऊन बसायचे. मात्र हे करताना त्या व्यक्तीला विचारल्यावाचून काही ठरवू नये. बाजेवरचा माणूस सामान नव्हे. त्याला काय हवे, हे आधी त्याच्याच तोंडून ऐकावे.

काकांच्या पत्नी अजूनही दर रविवारी मिस्सेला येतात. हे सारे लिहिण्याची परवानगी आम्ही त्यांच्याकडे मागितली. त्या म्हणाल्या, "लिहा फादर. पण त्यांना बिचारे म्हणू नका. सगळ्या गल्लीचे कपडे त्यांनी शिवलेत." तसे आम्ही म्हणत नाही.

भाल्याने भोसकलेल्या त्या हृदयाने आपल्या प्रत्येकाला असे कान द्यावेत की कोणी "दम लागतो" म्हणाला, तर आपण आशीर्वाद देऊन पुढच्या घरी जाणार नाही.

विभागाच्या सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या विभागात कोण कोण दिव्यांग आहे? त्यांपैकी कोणाचा रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला?

२. आपल्या चर्चमध्ये, घरात आणि गल्लीत कोणत्या पायऱ्या त्यांना अडवतात? त्यांतली कोणती या वर्षी हटवता येईल?

३. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण काय नेतो? त्याऐवजी काय नेता येईल?

४. संत मार्कच्या गोष्टीत आपण कोण आहोत: बाजेवरचा माणूस, खांदा देणारे चौघे, की दारातली गर्दी?

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू